दहापैकी किती?

आजचं लिखाण थोडं रुक्ष वाटेल, आधीच सांगून ठेवते. सोरायसिसवर आहे, आणि त्यातही तो मोजायचा कसा यावर. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल दुसऱ्या कुणाच्या ब्लॉगवर जाऊन पाककृती वाचाव्यात. पण आमच्या नातेवाईकांपैकी जे इथे नेमाने येतात, गुपचूप वाचून जातात आणि मग आईला फोन करून विचारतात, "काय गं, तिचं बरं आहे ना?", त्यांनी मात्र शेवटपर्यंत थांबावं ही विनंती.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मला सोरायटिक आर्थ्रायटिस आहे. सोरायसिसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती बिथरते, कातडीच्या पेशी नको इतक्या भराभर तयार होतात आणि खपल्यांचे जाड चट्टे उठतात. शिवल्यानं होत नाही, एका ताटात जेवल्यानंही होत नाही. हा आजार असलेल्यांपैकी काहींचे सांधेही सुजतात. वेगवेगळ्या पाहण्यांत हे प्रमाण तीस टक्क्यांपर्यंत जातं. बहुतेकांची आधी कातडी बिघडते आणि काही वर्षांनी सांधे. माझंही तसंच झालं.

आजार एकच, पण दवाखान्यातल्या पाट्या दोन. स्किनचे डॉक्टर म्हणतात सांधे त्यांना दाखवा. सांध्यांचे डॉक्टर, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणतात कातडीचं त्यांना विचारा. एकदा सांधे धरले की आपल्या फेऱ्या या दुसऱ्या दारातच जास्त होतात. म्हणून माझं म्हणणं या दाराबद्दल आहे. सांध्यांच्या डॉक्टरांनी कातडी नुसती बघून मोजू नये, पेशंटला विचारूनही मोजावी. दर खेपेला तेच ठराविक प्रश्न, त्यांना ठराविक मार्क, आणि ते मार्क केसपेपरवर सांध्यांच्या आकड्यांशेजारी लिहिलेले. बस, एवढंच म्हणणं आहे. बाकीचं सगळं त्याचं स्पष्टीकरण.

मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवते. त्यामुळे कुणाला औषध सुचवणार नाही. पण मार्कांबद्दल बोलायचा थोडा अधिकार आहे असं वाटतं. पेपर तपासण्यातच आयुष्य चाललंय :-)

तर कातडी मोजायचं जगभर चालणारं माप म्हणजे पासी. १९७८ साली फ्रेड्रिक्सन आणि पेटरसन या दोघांनी एका औषधाच्या अभ्यासासाठी ते वापरलं, तेव्हापासून चालत आलंय. शरीराचे चार भाग करायचे: डोकं, हात, धड, पाय. प्रत्येक भागात लाली किती, जाडी किती, खपल्या किती याला ० ते ४ मार्क. त्या भागाचा केवढा हिस्सा व्यापलाय याला ० ते ६. मग गुणाकार, आणि भागाप्रमाणे वजन: डोक्याला ०.१, हातांना ०.२, धडाला ०.३, पायांना ०.४. सगळ्याची बेरीज जास्तीत जास्त ७२ होते. साधारणपणे १० च्या वर गेलं की आजार तीव्र धरतात.

आता एक उदाहरण सोडवू. (पळू नका, सोपं आहे.) एका बाईंचे दोन्ही तळपाय पूर्ण भरलेत. भेगा, खपल्या, पाऊल टेकवत नाही. लाली ४, जाडी ४, खपल्या ४, म्हणजे १२ पैकी १२. पण दोन्ही तळपाय मिळून पायांच्या एकूण कातडीच्या दहा टक्क्यांहून कमीच भरतात, म्हणून व्याप्तीला १. आता ०.४ × १२ × १ = ४.८. बहात्तरपैकी पाचसुद्धा नाहीत! कागदावर हा सौम्य सोरायसिस. आणि त्या बाई सकाळी भिंतीला धरून बाथरूमपर्यंत जातायत.

चट्टे जांघेत आणि नाजूक जागी असतील तर गणित आणखी खाली येतं. ०.३ × १२ × १ = ३.६. बसताना, चालताना, कपडे बदलताना काय होतं ते या ३.६ मध्ये कुठे शोधायचं? शिवाय या सगळ्या सूत्रात खाज कुठेच नाही. दुखणं नाही, आग नाही, मोडलेली झोप नाही. सोरायसिसमध्ये सगळ्यात जास्त कशानं छळलं असं कुणालाही विचारा, निम्म्या वेळा उत्तर खाज हेच येईल. आणि तिला पेपरात एकही मार्क नाही.

पासी वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. औषधानं चट्टे किती गेले हे सांगायला ते चांगलं आहे. पण कातडी किती बिघडली आहे आणि माणूस किती हैराण आहे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पासी फक्त पहिला सोडवतं.

आता सांध्यांच्या बाजूला काय आहे ते बघू. २०१० साली सोरायटिक आर्थ्रायटिससाठी 'मिनिमल डिसीज ॲक्टिव्हिटी' असे सात निकष मांडले गेले. दुखरे सांधे, सुजलेले सांधे, स्नायुबंध जिथे हाडाला जोडले जातात तिथलं दुखणं, कातडी, पेशंटनं सांगितलेली वेदना, पेशंटनं सांगितलेली एकूण तब्येत आणि रोजची कामं जमण्याचा स्कोअर. सातपैकी पाच जमले की आजार आटोक्यात. निकष चांगले आहेत. हेच लक्ष्य ठेवून औषधं बदलत गेलं तर पेशंट जास्त सुधारतात, हे इंग्लंडमधल्या टिकोपा नावाच्या अभ्यासात २०१५ साली दिसलंही. पण यातला कातडीचा निकष काय? पासी १ किंवा त्याहून कमी, किंवा अंगाचा तीन टक्के किंवा त्याहून कमी भाग व्यापलेला. आपला पंजा बोटांसकट म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. म्हणजे तीन पंजे एवढे चट्टे कुठेही असोत, तुम्ही पास. आणि समजा त्यात नापास झालात तरी बाकीचे पाच आहेतच. सातपैकी कुठलेही पाच सोडवा म्हटलं की मुलं कुठला प्रश्न ऑप्शनला टाकतात हे मला चांगलं ठाऊक आहे. दाप्सा नावाचा आणखी एक स्कोअर आहे, त्यात तर कातडीचा प्रश्नच नाही.

हे नुसतं पुस्तकी नाही. काही वर्षांपूर्वी एका दवाखान्यात (नाव कशाला?) माझे सांधे बघून झाले. "उत्तम! सूज नाही, सीआरपी नॉर्मल. स्किनपण क्लिअर दिसतेय." हात आणि पावलं बघून हे वाक्य आलं. तेवढं खरंच क्लिअर होतं. डोक्यात, कानामागे आणि कमरेला परकराची नाडी जिथे काचते तिथे काय होतं ते कुणी विचारलं नाही. मी स्वतःहून सांगायला लागले तर "ते स्किनवाल्यांना दाखवा" असं उत्तर मिळालं आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं. त्या महिन्यात मी रात्री दोन-तीन वेळा उठून डोक्याला तेल लावून बसत होते आणि सकाळी सातच्या तासाला नववीला भूमिती शिकवत होते. केसपेपरवर मात्र महिना चांगला गेला.

या लपलेल्या जागा सांध्यांच्या डॉक्टरांना परक्या वाटायला नकोत. २००९ साली अमेरिकेत मिनेसोटातल्या एका अभ्यासात दिसलं होतं की टाळू, नखं आणि नितंबांमधली घडी इथे सोरायसिस असलेल्यांना सांध्यांचा आजार होण्याची शक्यता जास्त असते. पण आपल्याकडे तपासणी बहुधा अंगावरच्या कपड्यांतच होते. बाहेर चाळीस पेशंट बसलेले, आत पडदा अर्धवट, शेजारी सासूबाई. अशा वेळी साडी-ब्लाउजमधल्या बाईचं पासी कोण काढणार? आणि का काढू द्यावं तिनं? तिला एक कागद द्या. बाहेरच्या बाकावर बसून ती पाच मिनिटांत भरेल.

आणखी एक गोष्ट खास आपल्यासाठी. पासीमधली लाली गोऱ्या कातडीवर लाल दिसते. आपल्या सावळ्या, काळ्या कातडीवर ती जांभळट, राखाडी, काळपट दिसते आणि नजरेला कमी भरते. ज्या देशात डोळ्यांचं माप कच्चं पडतं, तिथे विचारण्याचं माप जास्त महत्त्वाचं नाही का?

यावर नेहमीचा आक्षेप असा की पेशंटचं सांगणं म्हणजे व्यक्तिसापेक्ष. एकाचे आठ ते दुसऱ्याचे चार. मान्य. पण गंमत अशी की हा आक्षेप इतर कुणी घेतला तर समजू शकते, सांध्यांच्या डॉक्टरांनी तो घेऊ नये! त्यांचा सगळा कारभारच विचारण्यावर चालतो. सांधा दाबायचा आणि "दुखतंय?" विचारायचं, हो म्हटलं की दुखरा सांधा मोजायचा. सकाळी आखडणं किती मिनिटं टिकतं? बरणीचं झाकण उघडता येतं का, केस विंचरता येतात का? अशा रोजच्या कामांवरची हॅक प्रश्नावली स्टॅनफर्डहून १९८० साली आली, आणि भारतीय जीवनाला धरून तिचं रूपही इथल्या डॉक्टरांनी तयार केलं. आपल्या पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसनं डॉ. अरविंद चोप्रांच्या पुढाकारानं १९९६ साली भिगवणमध्ये जी मोठी पाहणी सुरू केली, तिची सुरुवातसुद्धा घरोघर जाऊन "कुठे दुखतं?" असं विचारण्यानंच झाली होती. गुडघ्याच्या बाबतीत ज्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवता, त्याच माणसाच्या शब्दावर कोपराच्या चट्ट्याबाबत का नाही?

प्रश्नावल्या नव्यानं शोधायच्याही नाहीत. १९९४ साली कार्डिफच्या फिन्ले आणि खान यांनी दहा प्रश्नांचा डीएलक्यूआय तयार केला. गेल्या आठवड्यात खाज, दुखणं किती, कपडे निवडताना अडचण आली का, लोकांत जाताना संकोच वाटला का, असे प्रश्न, एकूण ३० मार्क. केवळ लक्षणं विचारणारी पीएसआय नावाची आठ प्रश्नांची यादी आहे: खाज, लाली, खपल्या, आग, झोंबणं, भेगा, पापुद्रे, दुखणं. प्रत्येकाला ० ते ४. आणि खास सोरायटिक आर्थ्रायटिससाठी युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या युलार या संघटनेनं २०१४ साली पीएसएआयडी आणली. ती ठरवताना तेरा देशांतल्या पेशंटनाच विचारलं होतं की तुम्हाला कशाचा त्रास होतो. बारा प्रश्न, प्रत्येक ० ते १०, त्यात एक प्रश्न खाजेसकट त्वचेच्या त्रासाचा.

मला ही शेवटची आवडते, पण गणिताच्या बाईंना तिच्यातही एक खोच दिसते. अंतिम स्कोअर ही वजनी सरासरी आहे. वेदनेला २० पैकी ३ वजन, त्वचेला २० पैकी २. चार किंवा त्याखालचा स्कोअर म्हणजे पेशंटला चालण्यासारखी स्थिती. समजा मी बाकीच्या अकरा प्रश्नांना २-२ दिले आणि त्वचेला पूर्ण १०. तर (१८ × २ + २ × १०) ÷ २० = २.८. म्हणजे खाजेनं जीव नकोसा झालाय असं मी स्वतः लिहून दिलं तरी कागद म्हणतो, ठीक चाललंय. वर्गाची सरासरी चांगली आली म्हणून नापास झालेल्या पोराकडे बघायचं नाही, तशातला प्रकार. म्हणून माझं म्हणणं, सरासरी जरूर काढा, पण त्वचेचा एकटा आकडा वेगळा लिहा.

विचारण्याच्या मापात आणखीही उणिवा आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. डीएलक्यूआयमध्ये 'लागू नाही' असं उत्तर दिलं की शून्य मार्क. माझ्या ओळखीतल्या एका काकूंनी हातावरच्या चट्ट्यांपायी हळदीकुंकवाला जाणंच सोडलं. पोहणं तर लग्नाआधीच सुटलं होतं. आता अडचण येते का विचारलं तर त्या म्हणणार, छे, मी जातेच कुठे! शून्य. आजारानं आयुष्याचा जेवढा भाग आधीच खाल्लाय तेवढे मार्क कमी. दुसरी गोष्ट म्हणजे सवय. वीस वर्षं खाजवणाऱ्या माणसाला त्याची चार ही चार वाटतच नाही. तिसरी, ज्यांना वाचता येत नाही त्यांना कुणीतरी प्रश्न वाचून दाखवतं. नवव्या प्रश्नात लैंगिक अडचणींबद्दल विचारलंय. तो मुलानं आईला वाचून दाखवला तर उत्तर काय येणार? वाचणारी नर्स असावी आणि नातेवाईक बाहेर असावेत, एवढं तरी सांभाळायला हवं.

आणि भाषा! काही छापील फॉर्मांतलं मराठी बघून मला आमच्या संस्कृतच्या बाईंची आठवण येते. 'कंडू', 'दाह', 'अस्वस्थता' अशा शब्दांवर बाई टिकमार्क कुठे करणार? आपल्याकडे काय शब्दांचा तुटवडा आहे? खाज वेगळी, आग वेगळी, चुरचुर वेगळी. कणीक मळताना भेगा ताणतात, लिंबू पिळताना झोंबतं, रात्री पांघरुणात गेल्यावर वळवळतं. पेशंट हे सगळं बरोबर वेगवेगळं सांगतो. कागदानं त्याच्या शब्दांत विचारलं तर उत्तरही खरं येईल.

या उणिवांवरचा उपाय विचारणं बंद करणं हा नव्हे. बघणं आणि विचारणं दोन्ही करायचं आणि आकडे शेजारी ठेवायचे. दोन्ही जुळले तर प्रश्नच मिटला. नाही जुळले तर तिथे थांबायचं. चट्टे कमी आणि त्रास नऊ असेल तर विचारा कुठे आहे ते, झोप कशी आहे, मन कसं आहे, आणि ही खाज सोरायसिसचीच आहे ना तेही बघा, बुरशीची असू शकते. उलट चट्टे अंगभर आणि त्रास शून्य असेल तर तेही विचारा. कदाचित खरंच काही वाटत नसेल, कदाचित त्या माणसानं आशाच सोडली असेल.

हे सगळं कशासाठी? कारण कातडी किती बिघडलीय यावर सांध्यांचंही औषध बदलू शकतं. काही औषधं सांध्यांना चालतात पण कातडीवर फारशी चालत नाहीत, काही दोन्हींवर चालतात, आणि काहींनी क्वचित चट्टे वाढूही शकतात. तोंडावाटे घेतलेली स्टिरॉइड एकदम थांबवली तर सोरायसिस उसळू शकतो. युलारच्या २०१९ च्या शिफारशींत कातडीकडे खास लक्ष द्यायची दोन कारणं धरली आहेत: अंगाचा दहा टक्क्यांहून जास्त भाग व्यापला असेल तर, किंवा भाग कमी असला तरी पेशंटच्या जगण्यावर त्याचा परिणाम होत असेल तर. त्वचेच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळानंही २०२० मध्ये असंच काहीसं म्हटलं, की चेहरा, तळवे, नाजूक भाग अशा जागी चट्टे असतील तर नुसत्या टक्क्यांवर जाऊ नका. नियमाच्या पुस्तकात 'पेशंटच्या जगण्यावर' असं लिहिलंय. ते पेशंटला न विचारता कसं कळणार?

जोपर्यंत दवाखान्यांत असा कागद मिळत नाही, तोपर्यंत माझ्यासारख्यांनी तो घरून न्यावा असं मला वाटतं. मी नेते. वहीचं एक पान असतं. गेल्या आठवड्यातली खाज दहापैकी किती, कातडीचं दुखणं किती, झोप किती बिघडली, आणि न दिसणाऱ्या कुठल्या जागी चट्टे आहेत. चार ओळी. मागच्या खेपेचे आकडे शेजारीच असतात. सध्याच्या डॉक्टरीणबाई तो कागद हातात घेतात, वाचतात, आणि आधी तिथूनच सुरुवात करतात. दोन मिनिटंही लागत नाहीत.

असो, बरंच लांबलं. नातेवाईकांसाठी मात्र एक राहिलं. लग्नाकार्यात भेटल्यावर माझ्या हातांकडे बघून "आता बरंच कमी झालंय गं!" असं म्हणता, त्यामागची माया मला कळते. पण पुढच्या वेळी जरा विचारून बघा, दहापैकी किती. मी खरं सांगेन.